दीवला गाडी थांबते तेव्हा : यात्रा कंपन्यांना एक खुलं पत्र

प्रति,
मराठवाड्यातल्या यात्रा कंपन्यांचे सर्व मालक, व्यवस्थापक आणि गाडीसोबत जाणारे मार्गदर्शक,
तसेच यंदा सोमनाथ-द्वारकेला निघालेली आपली सगळी मंडळी,

विषय : दीव बेटावरचं खुकरी स्मारक आणि तिथं मिळणारी पंधरा मिनिटं

सप्रेम नमस्कार.

मी पैठण तालुक्यातला, नाथसागराच्या काठचा माणूस. आम्ही भोई. बाप जन्मभर जाळं टाकत आला. मी नौदलात गेलो, पंधरा वर्षं नोकरी केली आणि पेन्शन घेऊन गावी परतलो. जहाजावर माझं काम सोनारचं, म्हणजे आवाजावरून पाण्याखालच्या वस्तू शोधणाऱ्या यंत्राचं, होतं. कानाला हेडफोन लावून पाण्याखालचे आवाज ओळखायचे. पाणबुडी कुठं दडली आहे हे डोळ्यांना दिसत नाही, ते ऐकावंच लागतं. त्या कामामुळं जे मला ठाऊक आहे ते तुमच्या गाडीतल्या माणसांपर्यंत पोचावं, एवढ्यासाठी हे पत्र लिहितो आहे.

दोन वर्षांपूर्वी मायला घेऊन मी तुमच्यापैकीच एका कंपनीच्या गाडीनं यात्रेला गेलो. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हे एकाच कंपनीचं नाही. गाडी चांगली होती. आचारी सोबत होता, रात्री बारा वाजता मुक्कामाला पोचलो तरी गरम पिठलं-भाकरी मिळाली. म्हाताऱ्या माणसांना हात धरून उतरवत होते. त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे. सोमनाथला त्रिवेणी संगमावर सगळ्यांनी आपापल्या पितरांना पाणी दिलं, मीही बापाला दिलं. उरलेले काळे तीळ मायनं पदराच्या गाठीत बांधून ठेवले.

दुसऱ्या दिवशी दीव. छापील कार्यक्रमात लिहिलं होतं : किल्ला, चर्च, गंगेश्वर महादेव, नागवा बीच, खुकरी पॉइंट. गंगेश्वराला चांगला तासभर मिळाला, तिथं समुद्राच्या लाटा येऊन शिवलिंगांना आंघोळ घालतात, ते बघण्यासारखंच आहे. खुकरी पॉइंटला संध्याकाळी पोचलो तेव्हा माइकवर सांगण्यात आलं, ‘पंधरा मिनिटं, फोटो काढा आणि गाडीत बसा.’ बरीच पुरुष मंडळी तर गाडीतून उतरून थेट बाजाराकडं गेली. गुजरातेत दारूबंदी आणि दीवमध्ये नाही, एवढं एकच सगळ्यांना दीवबद्दल पाठ असतं. बाकीचे टेकडीवर चढले. तिथं काचेच्या पेटीत एका युद्धनौकेची प्रतिकृती आहे. अंबडच्या एक काकू काचेला हात लावून मला म्हणाल्या, ‘दादा, हे जहाज कशाचं हो? शोभेचं का?’

मी बोलायला तोंड उघडलं आणि खालून हॉर्न वाजला.

काकूंना तेव्हा जे सांगता आलं नाही ते आता सांगतो. मात्र विहिरीपासून सुरुवात करावी लागेल.

आपल्याकडं लेकराला पोहायला शिकवतात ते पाठीला रिकामा डबा नाहीतर वाळलेला भोपळा बांधून. जरा हात-पाय मारता यायला लागले की आमचा एक खेळ असायचा. एकानं बुडी मारून बसायचं, दुसऱ्यानं पाण्याखाली दगडावर दगड आपटायचा, आणि बुडालेल्यानं सांगायचं, आवाज कुठून आला. कुणालाच बरोबर सांगता यायचं नाही. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगानं जातो. तो दोन्ही कानांत जणू एकदमच शिरतो, दगड डोक्याच्या आतच वाजल्यासारखा वाटतो. हे कारण मला फार पुढं, नौदलाच्या प्रशिक्षणात कळलं. सोनारनं नेमकं हेच कोडं सोडवायचं असतं : आवाज कुठून आला, किती लांबून आला, आणि तो कुणाचा.

जहाज पाण्यात एक आवाज सोडतं. तो कशाला तरी आदळून परत येतो. परत येताना त्याचा सूर चढला असेल तर समोरचं आपल्याकडं येतंय, उतरला असेल तर लांब जातंय. सांगायला सोपं आहे. पण सौराष्ट्राजवळचा समुद्र उथळ आणि कोमट. वरचं पाणी तापलेलं, खालचं गार. त्या दोन थरांच्या सांध्यावर आवाज वाकतो, आणि पाणबुडी त्या थराखाली जाऊन बसते. तळाचा खडक आवाज परत फेकतो, मासळीचा मोठा थवाही फेकतो. उथळ उबदार पाण्यात कोळंबीच्या जातीचा एक बारका जीव असतो, तो नांगी मिटताना टचकन आवाज काढतो. हजारोंनी असले की हेडफोनमध्ये मोहरीची फोडणी तडतडल्यासारखं सतत ऐकू येतं. त्यात मच्छीमार बोटींची इंजिनं. त्या सगळ्या गलक्यातून एक लोखंडी वस्तू वेचून काढायची. मी शांततेच्या काळात हे काम केलं, तरी पाळी संपली की मान आणि खांदे दगडासारखे झालेले असायचे. डिसेंबर १९७१ मध्ये जे या कामावर बसले होते त्यांच्या मानेचं काय झालं असेल?

युद्ध ३ डिसेंबरला सुरू झालं. ४ डिसेंबरच्या रात्री आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला, आणि तो दिवस आपण नौदल दिन म्हणून साजरा करतो. त्याच दिवसांत पाकिस्तानची हंगोर ही पाणबुडी आपल्या पश्चिम किनाऱ्यासमोर फिरत होती. फ्रान्समध्ये बांधलेली, डॅफ्ने जातीची, त्या काळी नवी. तिनं पाठवलेले बिनतारी संदेश आपल्या लोकांनी टिपले आणि ती दीवच्या बाजूला आहे असा अंदाज बांधला. तिला शोधायला १४ व्या फ्रिगेट स्क्वाड्रनमधली, म्हणजे युद्धनौकांच्या तुकडीतली, खुकरी आणि कृपाण ही दोन जहाजं मुंबईहून निघाली. तिसरं जहाज, कुठार, बिघाडामुळं सोबत येऊ शकलं नाही. खुकरी, कृपाण, कुठार, तिन्ही नावं शस्त्रांची.

खुकरी ब्रिटनमध्ये बांधलेली, १९५८ मध्ये आपल्या नौदलात आलेली. पाणबुड्या शोधायलाच बांधलेलं जहाज ते. पण १९७१ पर्यंत तिचा सोनार जुना झाला होता, आणि हंगोरचे कान तिच्यापेक्षा कितीतरी लांबचं ऐकत होते. शिकारी जहाज जितक्या अंतरावरून पाणबुडी ओळखू शकत होतं, त्याच्या कितीतरी आधी पाणबुडी जहाज ओळखत होती. शिवाय सोनारचा पल्ला वाढवण्याचं एक नवं उपकरण त्या वेळी खुकरीवर तपासलं जात होतं, आणि त्यासाठी वेग कमी ठेवावा लागत होता. पाणबुडीविरोधी शाळेत शिकलेल्या कुणालाही विचारा, पाणबुडीच्या टापूत हळू चालणं म्हणजे काय ते तो सांगेल. जहाजावरच्यांनाही ते कळत होतं. तरी ते तिथं राहिले, कारण पाणबुडी सापडली नसती तर मुंबईच्या वाटेवरचं कुठलंही जहाज सुरक्षित नव्हतं.

९ डिसेंबर. वार गुरुवार, आणि महिना मार्गशीर्ष. माझी माय मार्गशीर्षातले गुरुवार धरते. त्या दिवशी आपल्याकडच्या कित्येक घरांत घट मांडलेला असणार, संध्याकाळी पोथी वाचून नैवेद्य दाखवून बायाबापड्यांनी उपास सोडला असणार. पौर्णिमा होऊन आठवडा झाला होता, चंद्र मध्यरात्रीच्या सुमाराला उगवणार होता. समुद्र काळाकुट्ट. पावणेनऊच्या पुढं हंगोरनं पहिला टॉर्पेडो, म्हणजे पाण्याखालून धावणारा बॉम्ब, कृपाणवर सोडला, तो फुटलाच नाही. दुसरा खुकरीच्या पोटाखाली फुटला. काही मिनिटांत जहाज पाण्याखाली गेलं. जेवणाच्या वेळेला माणसं खालच्या मजल्यांवर असतात. वर यायला जिने अरुंद, त्यात दिवे गेलेले, जहाज कललेलं. मी अशाच जिन्यांवरून पंधरा वर्षं चढ-उतार केली आहे. दिवसा, उजेडात, स्थिर जहाजावरसुद्धा समोरून माणूस आला तर अंग चोरून उभं राहावं लागतं.

कप्तान होते महेंद्रनाथ मुल्ला, मूळचे गोरखपूरचे. त्यांनी आपलं लाइफ जॅकेट एका खलाशाला दिलं, जमतील तेवढ्यांना पाण्यात ढकललं, आणि स्वतः जहाज सोडलं नाही. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक, मिळून १९४ माणसं गेली. ६७ वाचली. कृपाणला त्या वेळी तिथून निघावं लागलं, तिच्यावरही टॉर्पेडो सुटला होता. दुसऱ्या दिवशी कच्छल हे जहाज आलं आणि पाण्यात तरंगणाऱ्यांना उचललं. स्वातंत्र्यानंतर युद्धात बुडालेली आपली ही एकच युद्धनौका. दुसऱ्या महायुद्धानंतर कुठल्याही देशाच्या पाणबुडीनं बुडवलेली ही पहिली युद्धनौका होती. ती जागा दीवच्या किनाऱ्यापासून सुमारे ४० सागरी मैलांवर आहे, म्हणजे छत्रपती संभाजीनगरहून जालन्याला जाऊन वर आणखी थोडं.

काकू, काचेच्या पेटीतलं जहाज ते हे. त्या १९४ जणांची दुसरी समाधी नाही. अंत्यविधी झाले नाहीत, राख मिळाली नाही, कबर खणली गेली नाही. आपल्या माणसाचं पाणी कुठं द्यायचं हा प्रश्न त्यांच्या घरच्यांना पडला असेल, तर त्याचं उत्तर ती टेकडी आणि समोरचा समुद्र.

हॉर्न वाजल्यावर मी मायला घेऊन खाली निघालो होतो. तिनं विचारलं, ‘तू काय सांगत होतास त्या बाईला?’ मी चार वाक्यांत सांगितलं. ती थांबली. म्हणाली, ‘त्यांची मढी?’ मी म्हटलं, ‘तिथंच आहेत, जहाजासोबत.’ तिनं पदराची गाठ सोडली. गाठ घट्ट बसली होती, तिच्या बोटांना सुटेना, मी सोडून दिली. चिमूटभर तीळ होते. टेकडीखालच्या चक्रतीर्थ किनाऱ्याच्या खडकावर उभं राहून, पायात चप्पल नाही, तिनं बाटलीतल्या पाण्यासोबत ते समुद्रात सोडले. बाईमाणसानं द्यावं की न द्यावं, त्यांत कोण हिंदू, कोण मुसलमान, कोण शीख, कोण ख्रिस्ती, हे तिनं विचारलं नाही. गाडी आमच्यासाठी सात मिनिटं थांबली. मागच्या सीटवरून कुणीतरी बडबडलं, ते मी ऐकलं. त्या माणसावर माझा राग नाही. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

मायनं चप्पल काढली याचं मला आश्चर्य वाटलं नाही. आमचं जुनं गाव नाथसागराच्या पाण्याखाली आहे. १९७६ ला धरण पूर्ण झालं, शंभराहून जास्त गावं पाण्यात गेली, त्यात आमचंही. बापानं त्याच पाण्यावर पुढं तीस वर्षं मासे धरले, आपल्याच घरावरून, आपल्याच खळ्यावरून. मारुतीचं देऊळ कुठं आहे हे त्याला वरून कळायचं, समोरची टेकडी आणि काठावरची एक बाभूळ यांची रेघ जुळवून. ती जागा आली की तो होडीत चप्पल काढायचा. दुष्काळाच्या साली पाणी उतरलं आणि देवळाचं शिखर वर आलं, तेव्हा त्याचा अंदाज फार तर दहा पावलं चुकला होता.

म्हणून यात्रेत मला दीवची कोळी-खारवा मंडळी बघायची होती. कार्यक्रमात ते नव्हतं. सकाळी गाडी निघायच्या आधी मी रिक्षा करून वणाकबाऱ्याला जाऊन आलो. बेट केवढंसं, जिल्हा सगळा मिळून जेमतेम चाळीस चौरस किलोमीटरचा. पूर्वेच्या टोकाला दीव शहर आणि किल्ला, पश्चिमेच्या टोकाला वणाकबारा बंदर. धक्क्यावर बोटी एकीला एक खेटून उभ्या, बर्फाच्या लाद्या उतरत होत्या, बायका बोंबील निवडत बसल्या होत्या. एक म्हातारा तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, जाळ्याची दोरी वळत होता. मी हिंदीत विचारलं, ‘बाबा, खुकरी किधर है?’ आपल्या गाडीतल्या कुणालाही विचारलं असतं तर त्यानं टेकडीकडं बोट दाखवलं असतं. त्यानं दोरी सोडली नाही, हनुवटी उचलली आणि समुद्राकडं केली. उघड्या समुद्राकडं.

मी त्याच्याशेजारी बसून राहिलो. फार बोलणं झालं नाही. बोलणं झालं ते जाळ्यांबद्दल, डिझेलबद्दल आणि पकडल्या गेलेल्यांबद्दल. समुद्रात बांध नसतो. मासळीच्या मागं जाता जाता बोट सीमेपलीकडं गेली की तिकडची गस्तनौका बोटीसकट माणसं घेऊन जाते. गुजरात आणि दीवचे मच्छीमार, त्यांच्या बोटींवर कामाला गेलेले आपले पालघरकडचे आदिवासी खलाशीसुद्धा, कराचीच्या तुरुंगात वर्षानुवर्षं अडकतात. दोन्ही देश दरवर्षी १ जानेवारीला आणि १ जुलैला एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या देतात. आपल्याकडं ती चार ओळींची बातमी असते. त्या किनाऱ्यावरच्या घरांत वर्षातले तेच दोन दिवस मोजले जातात.

समुद्रावर काहीही घडलं तरी पहिला सापडतो तो मासे धरणारा. २००८ मध्ये मुंबईवर हल्ला करायला आलेल्यांनी आधी पोरबंदरची कुबेर ही मासेमारी बोट ताब्यात घेतली आणि तिच्या तांडेलाला मारलं. शांततेच्या काळातही सुटका नाही. २१ नोव्हेंबर २०२४ ला गोव्याच्या वायव्येला मार्थोमा नावाची मासेमारी बोट आपल्याच नौदलाच्या पाणबुडीवर आदळली. तेरा जण होते, अकरा वाचले. सोनारवर बसलेल्या माणसाला अशी बातमी वाचताना काय होतं ते मला शब्दांत मांडता येत नाही. त्या बोटीच्या इंजिनासारखीच किती इंजिनं मी हेडफोनमध्ये ऐकली आणि ‘मच्छीमार’ एवढी नोंद करून पुढं गेलो. त्या नोंदीमागं पाच-पन्नास घरं असतात, हे भोयाच्या पोराला तरी वेगळं सांगायची गरज नव्हती.

काही जण म्हणतील, आपण कोरडवाहू मुलखातली माणसं, आपला समुद्राशी काय संबंध? ज्या सातवाहनांची राजधानी आपलं पैठण, त्यांच्या नाण्यावर डोलकाठ्यांचं जहाज आहे. पैठणचा आणि तेरचा माल बैलगाड्यांनी भडोचला जायचा आणि तिथून जहाजानं पुढं, हे दोन हजार वर्षांपूर्वीच्या परदेशी प्रवाशानं लिहून ठेवलं आहे. पण एवढं लांब जायची तरी काय गरज? आज आपल्याकडची पोरं भरतीला पळतात ती काही फक्त पायदळासाठी नाही. तुमच्या गाडीत बसलेल्या एखाद्या बाईचा नातू या क्षणी कुठल्यातरी जहाजाच्या खालच्या मजल्यावर असेल. तिला तो जिना कसा असतो हे कळायला हवं.

आता मागणं. दीवचा कार्यक्रम लावताना खुकरी स्मारकाला तास द्या. नागवा बीचवरचा अर्धा तास कमी केला तर कुणी तक्रार करणार नाही. ‘खुकरी पॉइंट’ न छापता ‘आयएनएस खुकरी स्मारक’ असं छापा. टेकडी चढायच्या आधी, गाडीतच, माइकवर पाच मिनिटं सांगा की इथं काय झालं, किती माणसं गेली. १९४ हा आकडा सांगा. त्याच नावाचं दुसरं जहाज, मुंबईत माझगाव गोदीत बांधलेलं, ३२ वर्षं नौदलात राहून डिसेंबर २०२१ मध्ये निवृत्त झालं आणि २०२२ मध्ये दीवला आणलं गेलं. तेही दाखवा, लेकरं सोबत असतील तर नक्कीच.

स्मारकावर बसून चिवडा-फरसाण उघडू नका, ते खाली गाडीजवळ खा. सोमनाथला श्राद्ध करून येणाऱ्यांना आधीच सांगून ठेवा की थोडे तीळ, थोडी फुलं राखून ठेवा. ज्यांना पाणी द्यायचं नसेल त्यांनी दोन मिनिटं समुद्राकडं तोंड करून उभं राहिलं तरी पुष्कळ झालं. आणि सकाळी जमत असेल तर वणाकबाऱ्याचा धक्का दाखवा. तिथं नाकाला पदर लावू नका, आणि फोटो काढण्याआधी विचारा.

यात्रेचा हंगाम दिवाळीनंतरचा, म्हणजे दरवर्षी ९ डिसेंबरला तुमच्यापैकी कुणाची ना कुणाची गाडी त्या भागात असतेच. त्या संध्याकाळी गाडी दीवमध्ये असेल असं एकदा जुळवून बघा.

सांगायला माणूस नाही अशी अडचण असेल तर मी आहे. तुमच्या मार्गदर्शकांना एका दुपारी सगळं समजावून देईन, पैठणला या नाहीतर मी संभाजीनगरला येतो. पैसे नकोत. माइकवर वाचता येईल असं दोन पानांचं टिपण मी लिहून ठेवलं आहे, आपल्या बोलीत.

म्हातारी माणसं टेकडी चढतील का अशी शंका तुम्ही काढाल. टेकडी फार उंच नाही. माझी माय एक्याऐंशी वर्षांची होती, काठी गाडीतच विसरली होती, आणि ती चढली.

आपला,
एक निवृत्त नौसैनिक
ता. पैठण, जि. छत्रपती संभाजीनगर